कोचीत तीन दिवस : पाण्यावरून फिरण्याचा सविस्तर बेत

महाराष्ट्रातून निघणाऱ्या केरळ सहलीत कोचीच्या वाट्याला जेमतेम एक दुपार येते. विमानतळावर उतरायचं, गाडीत बसून थेट मुन्नार गाठायचं, आणि परतीच्या दिवशी वेळ उरलाच तर चिनी जाळ्यांसमोर फोटो, ज्यू टाउनमधून वेलदोडे-मिरी, की पुन्हा विमानतळ. घरी आल्यावर मग ‘कोचीत बघण्यासारखं फार काही नाही’ असं सांगितलं जातं. ते ऐकून वाईट वाटतं, कारण हे शहर इतक्या घाईत दिसतच नाही. अरब, ज्यू, पोर्तुगीज, डच, इंग्रज, गुजराती, कच्छी, तमिळ, कोंकणी अशी कितीतरी माणसं शतकानुशतकं या बंदराच्या ओढीने येत राहिली आणि त्यांतली बरीचशी इथलीच झाली. त्यांच्या देवळांच्या, चर्चांच्या, मशिदींच्या आणि भटारखान्यांच्या गल्ल्या आजही एकमेकींना खेटून आहेत.

हा बेत तीन दिवसांचा आहे. मुन्नार, अलेप्पी, हाउसबोट यांना त्यात जागा नाही. तीन गोष्टींवर मात्र मी ठाम आहे : मुक्काम फोर्ट कोचीत करा, जमेल तिथे रस्ता सोडून पाण्यावरून जा, आणि मट्टांचेरीला अख्खा दिवस द्या.

आधी वार ठरवा, मग तिकिटं काढा

कोचीच्या सहलीत सगळ्यात जास्त विरस होतो तो वार चुकल्याने. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. परदेसी सिनेगॉग हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी पूर्ण दिवस बंद, शिवाय ज्यू सणांना बंद, आणि हे सण सप्टेंबर-ऑक्टोबरात एकापाठोपाठ येतात. त्रिपुणितुराचा हिल पॅलेस आणि आणखी काही संग्रहालयं सोमवारी बंद. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, त्या वेळी पर्यटक म्हणून आत हिंडता येत नाही. मसाल्याच्या घाऊक वखारींनाही रविवारी कुलूप.

म्हणजे सुट्टी जोडून सगळे जातात ते शुक्रवार-शनिवार-रविवार हे गणित इथे सगळ्यात वाईट. उत्तम जुळणी रविवार-सोमवार-मंगळवार : रविवारी दुपारपर्यंत पोहोचून फोर्ट कोची, सोमवारी मट्टांचेरी, मंगळवारी पाणी आणि पलीकडचं शहर. शनिवारीच निघणं भाग असेल तर शनिवारी फोर्ट कोची, रविवारी पाणी, आणि सोमवारी सकाळपासून मट्टांचेरी करून संध्याकाळी परतीचं विमान धरा.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हाही घाम येतोच, पण संध्याकाळी समुद्राचा वारा सुखाचा असतो. मार्चपासून दमटपणा अंगावर येतो. जूनपासूनचा पाऊस कोकणातल्या माणसाला नवा नाही, पण पहिल्याच भेटीत इथला पाऊस निवडू नका. जोरदार वाऱ्यापावसात बोटींच्या फेऱ्या खोळंबतात आणि सगळा बेत बोटींवर उभा आहे.

डिसेंबरचं एक वेगळंच आकर्षण आहे. दर दोन वर्षांनी इथे कोची-मुझिरिस बिनाले हे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन भरतं. १२ डिसेंबर २०१२ ला ते पहिल्यांदा भरवलं बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू यांनी. दोघेही केरळचे, पण चित्रकार म्हणून घडले मुंबईत, सर ज. जी. कलामहाविद्यालयात. जुन्या वखारी आणि बंगले त्या काळात प्रदर्शनाची दालनं होतात, आणि एरवी कुलूपबंद असलेल्या वास्तू आतून बघायला मिळतात. बिनालेचं वर्ष असेल तर या बेतात चौथा दिवस घाला.

वर्षअखेरीला फोर्ट कोचीत कार्निव्हल असतो. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री ‘पप्पांजी’ नावाचा भलाथोरला म्हातारा जाळतात. गोव्यात किंवा वसई-वांद्र्याला सरत्या वर्षाचा म्हातारा जाळताना ज्यांनी पाहिलाय त्यांना ही प्रथा लगेच ओळखीची वाटेल. पण त्या रात्री माणसांचा नुसता पूर येतो आणि परतीची वाहनं मिळत नाहीत. लहान मुलं, वयस्कर मंडळी बरोबर असतील तर तो आठवडा टाळा.

कसं पोहोचायचं

मुंबईहून विमानाला दोन तासांच्या आसपास लागतात, पुण्याहूनही थेट विमानं आहेत. विमानतळ शहरात नाही, नेडुंबाशेरीला आहे. २०१५ पासून तो पूर्णपणे सौरऊर्जेवर चालतो. उतरताना खिडकीतून खाली पॅनेलच्या रांगा दिसतात त्या त्याच. तिथून फोर्ट कोची चाळीसेक किलोमीटर. टॅक्सीने दीड तास धरा, संध्याकाळच्या गर्दीत त्याहून जास्त. सामान कमी असेल तर माझी शिफारस अशी : विमानतळावरून बसने आलुवा, तिथून मेट्रोने एम. जी. रोड, मग रिक्षाने हायकोर्टजवळचं वॉटर मेट्रो टर्मिनल, आणि तिथून बोटीने फोर्ट कोची. वेळ थोडा जास्त जातो, पण शहरात पाऊल पडतं ते पाण्यावरून, आणि या शहरात तसंच यावं.

रेल्वेने जायचं तर कोकण रेल्वेसारखा दुसरा मार्ग नाही. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस पनवेल, चिपळूण, रत्नागिरी, मडगाव करत दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचते. दुरांतो आणि मंगला एक्सप्रेसही आहेत, आणि पुण्याहून आठवड्यातल्या ठरावीक दिवशी गाड्या सुटतात. आरक्षण ‘एर्नाकुलम जंक्शन’चं करा. काही गाड्या एर्नाकुलम टाउन या दुसऱ्या स्टेशनवर थांबतात, तेही चालतं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं आणि गाड्या हळू धावतात, तेव्हा उतरण्याची वेळ नव्याने तपासा. रेल्वेने गेलात तर प्रवासाचा एकेक दिवस वेगळा धरा, तीन दिवसांतून तो कापू नका.

मुक्काम

नकाशावर कोची म्हणजे पाण्याने तोडलेले तुकडे. पूर्वेला एर्नाकुलम : मोठं, गजबजलेलं, दुकानांचं शहर. पश्चिमेला समुद्राच्या तोंडाशी फोर्ट कोची आणि त्याला लागून मट्टांचेरी. मध्ये विलिंग्डन बेट. बंदर खोल करण्यासाठी गाळ उपसला आणि त्याच गाळाची भर घालून हे बेट उभं केलं. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने १९२० पासून पुढची दोन दशकं या कामी घातली. उत्तरेला वैपीन नावाचं लांबलचक बेट.

एर्नाकुलमला हॉटेलं स्वस्त पडतात, म्हणून सहल कंपन्या तिथे उतरवतात. पण मग सकाळ-संध्याकाळ, म्हणजे फोर्ट कोची जेव्हा सगळ्यात सुंदर असतं तेव्हा, तुम्ही पलीकडच्या काठावर असता. म्हणून फोर्ट कोचीतच राहा. जुन्या घरांत चालवलेले होमस्टे गल्लोगल्ली आहेत. प्रिन्सेस स्ट्रीटजवळ हॉटेलांची वर्दळ जास्त, परेड मैदानाच्या आसपास शांतता. खोली ठरवताना दोन प्रश्न विचाराच : बोटीच्या धक्क्यापासून चालत किती अंतर, आणि खिडक्यांना जाळी आहे का? फोर्ट कोचीचे डास हा थट्टेचा विषय नाही. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचं मलम जवळ असू द्या.

पाण्यावरची वाहतूक समजून घ्या

इथे तीन प्रकारच्या बोटी कामाच्या.

पहिली, वॉटर मेट्रो. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. बॅटरीवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटी, बांधल्या इथल्याच कोचीन शिपयार्डने, जिथे विमानवाहू ‘विक्रांत’ही तयार झाली. एका बोटीत शंभरेक माणसं मावतात. काचा मोठ्या, आवाज जवळपास नाहीच. धक्का तरंगता असल्याने भरती असो वा ओहोटी, धक्का आणि बोट एका पातळीत राहतात. गुडघे दुखणाऱ्या आजी किंवा चाकाची खुर्ची असलेलं कुणी बरोबर असेल तर ही सोय किती मोलाची आहे ते चढताना कळतं. हायकोर्ट ते फोर्ट कोची हा मार्ग २०२४ पासून चालू आहे, वीसेक मिनिटांचा. मट्टांचेरीलाही आता टर्मिनल झालंय. तिकीट साधारण वीस ते चाळीस रुपये. शनिवार-रविवारी संध्याकाळी फोर्ट कोचीच्या धक्क्यावर लांब रांग लागते आणि फेऱ्या रात्री लवकर संपतात, तेव्हा शेवटची बोट किती वाजता आहे ते सकाळीच विचारून ठेवा.

दुसरी, राज्य जलवाहतूक विभागाची साधी बोट. एर्नाकुलमच्या मुख्य जेट्टीवरून फोर्ट कोची, मट्टांचेरी, वैपीन अशा फेऱ्या. तिकीट मुंबईच्या बसच्या तिकिटाएवढंसुद्धा नसतं. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, शाळेची मुलं, मासळीच्या टोपल्या. वॉटर मेट्रोची रांग बघून नाराज होऊ नका, सरळ या बोटीकडे चालू लागा. मला विचाराल तर कामावर निघालेलं कोची याच बोटीत भेटतं.

तिसरी, फोर्ट कोची ते वैपीन रो-रो. मोटारी, दुचाक्या आणि पायी माणसं एकाच सपाट फळीवर चढतात आणि पाचेक मिनिटांत पलीकडे. ही बोट बंदराच्या ऐन तोंडातून जाते. एका बाजूला चिनी जाळी, दुसऱ्या बाजूला अजस्र मालवाहू जहाजं, आणि पाण्यावर नजर ठेवलीत तर बऱ्याचदा डॉल्फिन. या पाच मिनिटांसाठी मुद्दाम जावं.

पहिला दिवस : फोर्ट कोची, पायी

खोलीवर सामान टाका, जेवा, उन्हं कलेपर्यंत विश्रांती घ्या. साडेतीनला निघालात तरी पुरे, कारण सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात आहे. मोठाल्या पर्जन्यवृक्षांची सावली रस्त्यांवर असल्याने चालणं जाचत नाही.

सुरुवात सेंट फ्रान्सिस चर्चपासून. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये इथे लाकडी चर्च बांधलं, नंतर दगडी झालं. पुढे डचांकडे, मग इंग्रजांकडे गेलं, आणि मालक बदलला तसा पंथही बदलला. वास्को द गामा १५२४ साली नाताळच्या आदल्या दिवशी कोचीतच वारला आणि इथेच पुरला गेला. त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला नेले, पण जागा दाखवणारा दगड जमिनीत आहे. सगळे तो दगड बघून परततात. तुम्ही दोन गोष्टींसाठी थांबा. भिंतींना टेकवलेल्या कबरींच्या शिळा बघा : एका भिंतीला पोर्तुगीज, समोरच्या भिंतीला डच. आणि छताला टांगलेले कापडी पंखे बघा. त्यांच्या दोऱ्या भिंतीतल्या भोकांतून बाहेर जातात आणि पूर्वी बाहेर उन्हात बसलेला पंखेवाला त्या ओढायचा. आत बसलेल्यांना वारा, त्याला फक्त दोरी. वसाहतीचं राज्य कसं चालायचं याचं इतकं स्पष्ट चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तिथून पाच-सात मिनिटांवर सांताक्रूझ बॅसिलिका. आत्ताची इमारत १९०५ ची. आतली चित्रं अंतोनियो मोस्केनी या इटालियन धर्मबंधूने काढली आहेत. मंगळूरचं सेंट अलॉयशियस चॅपल ज्यांनी पाहिलंय त्यांना हात ओळखू येईल, तो माणूस एकच.

मग समुद्राकडे वळा. चिनी जाळी, मल्याळममध्ये ‘चीनवला’, कुणी आणली यावर एकमत नाही. चिनी दर्यावर्दी ‘झेंग हे’ याच्या ताफ्याबरोबर आली असं कुणी म्हणतं, तर मकाऊहून पोर्तुगीजांनी आणली असं कुणी. रचना मात्र बघत राहावी अशी. किनाऱ्यावर रोवलेला लाकडी सांगाडा, पुढे पाण्यावर पसरलेलं जाळं, मागे दोरखंडाला टांगलेल्या दगडांचा तोल. एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत जातो, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटांनी चार-पाच जण मागच्या दोऱ्या खेचतात, दगड एकेक करून जमिनीला टेकत जातात आणि जाळं वर येतं. बहुतेक वेळा मूठभर मासळी. मच्छीमार तुम्हाला दोर ओढायला बोलावतात. जरूर जा, पण त्या बदल्यात थोडे पैसे अपेक्षित असतात आणि ते मनापासून द्या. आजकाल काही सांगाड्यांत सागवानाऐवजी लोखंडी नळ्या दिसतात, एवढं मोठं लाकूड परवडत नाही म्हणून.

जाळ्यांपाशी ताजी मासळी विकायला असते आणि शेजारचे स्टॉल ती शिजवून देतात. भाव किलोचा की नगाचा, आणि शिजवण्याचे पैसे वेगळे किती, हे दोन्ही आधी ठरवा. सूर्यास्त इथेच बघा. पोहायला मात्र हा किनारा नाही : पट्टी अरुंद, प्रवाह जोरदार, आणि जलपर्णी वाहून आलेली.

संध्याकाळी कथकली ठेवायचं असेल तर जाळी दुसऱ्या दिवशी पहाटे बघा, तेव्हा गर्दीही नसते. फोर्ट कोचीत पर्यटकांसाठी कथकलीचे छोटे खेळ रोज होतात. खेळाआधी तासभर रंगभूषा प्रेक्षकांसमोर चालते आणि खरं बघायचं ते तिथेच. नट पाठीवर निजलेला असतो, दुसरा कलाकार त्याच्या जबड्याच्या कडेने ‘चुट्टी’ ही पांढरी झालर बसवत असतो. धीरोदात्त नायकाचा चेहरा हिरवा. शेवटी नट एका फुलाचं इवलंसं बी खालच्या पापणीत ठेवतो आणि थोड्या वेळात डोळे लालभडक होतात. हे बघितल्यावर पुढचा तास नुसत्या डोळ्यांच्या हालचाली बघण्यात जातो. जागा पुढची मागा.

दुसरा दिवस : मट्टांचेरी

सकाळी आठला निघा आणि आधी वेली भागातल्या धोबीखान्यात जा. डचांनी सैन्याचे कपडे धुण्यासाठी तमिळ प्रदेशातून आणलेल्या वण्णार समाजाची ही जागा, आणि आजही तीच घरं हे काम करतात. दगडी खणांत कपडे आपटले जातात, भाताच्या पेजेची खळ होते, आणि वाळत घालताना चिमटे वापरत नाहीत : दोन पदरी पिळलेल्या दोरीचा पीळ बोटाने किंचित उघडायचा, कपड्याचं टोक आत सरकवायचं, पीळ आपोआप मिटतो. वाऱ्याने चादर फडफडते पण सुटत नाही. इस्त्री कोळशाची, वजनदार. इथे माणसं काम करत असतात हे लक्षात ठेवून फोटोआधी विचारा.

तिथून रिक्षाने राजवाडा. रिक्षावाला ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून एखाद्या मोठ्या दुकानात नेऊ पाहील, त्याला त्यात दलाली असते. बसण्यापूर्वीच ‘दुकान नको, सरळ पॅलेस’ म्हणा. ‘चेट्टा’ म्हणजे दादा. असं म्हणून बोललात तर नकारही गोडीने घेतला जातो. बाईशी बोलताना ‘चेच्ची’.

मट्टांचेरी राजवाड्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण १५५५ च्या सुमारास तो बांधून कोचीच्या राजाला दिला पोर्तुगीजांनी. डचांनी १६६३ नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं झालं. बाहेरून अगदी साधा. आत शिरल्यावर आधी पायाखाली बघा : काळ्या संगमरवरासारखी चकाकणारी जमीन नारळाच्या करवंटीचा कोळसा, चुना, वनस्पतींचे रस आणि अंड्याचा पांढरा भाग यांपासून केली आहे असं सांगतात. मग राजाच्या शेजघरातली रामायणाची भित्तिचित्रं. गेरू, पिवळा, हिरवा असे दाट रंग, आणि इंचभरही मोकळी जागा नाही, आकृतीत आकृती गुंतलेल्या. लोक मान वळवत दोन मिनिटांत पुढे जातात. तुम्ही एका भिंतीसमोर दहा मिनिटं उभे राहा, प्रसंग हळूहळू सुटे होत जातात. खालच्या दालनातला गोपींबरोबरचा कृष्ण चुकवू नका. आत फोटो काढू देत नाहीत.

राजवाड्यापासून ज्यू टाउन चालत. परदेसी सिनेगॉग १५६८ चं. गुडघे-खांदे झाकलेले हवेत, चपला बाहेर. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या टाइल आहेत, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. वर बेल्जियमची झुंबरं. आता इथे ज्यू कुटुंबं जवळजवळ उरली नाहीत, बहुतेक इस्रायलला गेली. आपल्या रायगडातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचं या मंडळींशी जुनं नातं आहे : एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू मुंबई-कोकणात धर्मशिक्षक म्हणून आले होते. अलिबाग-पेणकडच्या वाचकांनी हे मनात ठेवून इथे उभं राहावं.

दुपारचं जेवण मट्टांचेरीतच. मांसाहारी असाल तर कायीज म्हणजे रहमतुल्ला हॉटेलची मटण बिर्याणी. बारीक दाण्याचा तांदूळ, मसाला बेताचा, सोबत खजुराची चटणी. उशीर केलात तर संपते. शाकाहारी असाल तर गुजराती रस्त्याला जा. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गुजराती कुटुंबांची दुकानं, फरसाण, मिठाया आणि जैन मंदिर एका ओळीत. आणि हॉटेलात गुलाबीसर गरम पाणी पुढे आलं तर बिचकू नका, ते पतिमुखम नावाच्या झाडाचं लाकूड घालून उकळलेलं प्यायचंच पाणी असतं.

जेवणानंतर बहुतेक पर्यटक परततात. मराठी आणि कोंकणी वाचकांसाठी मट्टांचेरी इथे सुरू होते. चेरलाई भागात चालत जा. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच वाढला तेव्हा दक्षिणेला निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली, आणि त्यांचं तिरुमला देवस्वम हे व्यंकटेशाचं भव्य देऊळ इथे उभं आहे. दारात कोंकणी कानावर पडते. मल्याळमच्या हेलाची, पण कान देऊन ऐकलीत तर अर्थ लागतो. पुरुषांनी अंगातला शर्ट काढून आत जायचं असतं, केरळातल्या बऱ्याच देवळांत हा नियम आहे. पिशवीत एक मुंडू किंवा साधं धोतर असू द्या.

याच समाजातल्या तिघा वैद्यांची आठवण इथे काढायलाच हवी : रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर या तिघांनी माहिती दिली. १६७८ साली ॲम्स्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात त्यांचं कोंकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत आहे, तारीख १६७५ ची. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतरचं वर्ष! इकडे रायगडावर राज्य उभं राहत होतं तेव्हा या गल्ल्यांतली माणसं झाडपाल्याचं ज्ञान आपल्या लिपीत लिहून युरोपला पाठवत होती. केरळ सहलीच्या कुठल्याच पत्रकात हे नसतं.

मसाले संध्याकाळी घ्या, पण सिनेगॉगच्या दाराशी नको. बाजार रस्त्याकडे जुन्या वखारी आहेत, सुंठ-मिरीचा वास लांबूनच येतो. मिरी मुठीत घेऊन बघा : दाणे वजनदार, टणक, एकसारखे काळपट हवेत. वेलदोड्यांचे भाव आकाराप्रमाणे बदलतात, म्हणून भाव विचारताना मिलिमीटरही विचारा, मोठे म्हणजे आठ मिलिमीटरच्या वरचे. कुडंपुळी नक्की आणा. आपल्या कोकमाच्याच कुळातली, पण धुरावलेली आणि आंबटपणाला खोल. सुरमईच्या कालवणात एक-दोन पाकळ्या पुरतात. ‘अँटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू बहुधा नव्याच घडवलेल्या असतात, आवडली तर नवी म्हणूनच तिची किंमत करा.

तिसरा दिवस : पाणी आणि पलीकडचा काठ

सकाळी लवकर रो-रोने वैपीनला जा आणि तिथून बसने किंवा रिक्षाने चेराई किनारा, पंचवीसेक किलोमीटर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडीचं संथ पाणी आणि मध्ये रस्ता. लहान मुलं असतील तर हाच पर्याय घ्या, पोटभर पाण्यात खेळू द्या. मोठीच माणसं असाल तर त्याऐवजी कुंबळंगी. फोर्ट कोचीपासून रिक्षाने जाता येतं. खेकडे पाळण्याची तळी, काथ्या वळणं, गावच्या खाडीतली चिनी जाळी, आणि फोर्ट कोचीची गर्दी अजिबात नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला तिथल्या पाण्यात रात्री ‘कवर’ म्हणजे निळसर प्रकाश चमकतो. काळोखी रात्र असेल तर रात्रीचाच बेत करा.

दुपारी वॉटर मेट्रोने हायकोर्ट. बोटीतून डावी-उजवीकडे बंदर, गोदी, बेटं असं सगळं एकदा नीट बघून घ्या. एर्नाकुलमला मरीन ड्राइव्हवर गाड्या नाहीत, पाण्याच्या कडेने निव्वळ चालायचा रस्ता आहे. मागच्या ब्रॉडवे बाजारात केळ्याचे वेफर्स डोळ्यांसमोर खोबरेल तेलात तळून मिळतात. वेळ आणि उत्साह असेल तर मेट्रोने त्रिपुणितुराला हिल पॅलेस, किंवा तेवऱ्यातलं लोककला संग्रहालय, जुन्या घरांचे लाकडी भाग जोडून उभारलेलं. दोन्ही एका दुपारी करू नका. शांत खाडी हवी असेल तर वैट्टिला ते काक्कनाड हा वॉटर मेट्रोचा मार्ग पकडा. त्यात पर्यटक कमी, कार्यालयांत जाणारी माणसं जास्त, दोन्ही काठांना नारळ आणि खारफुटी.

परतीचं विमान असेल तर सामान सकाळीच एर्नाकुलमला आणून ठेवा. रेल्वे स्टेशनवर सामान ठेवायची सोय असते, आणि संध्याकाळी फोर्ट कोचीहून रस्त्याने निघण्याचा ताण वाचतो. तसं जमलं नाही तर विमानाच्या वेळेआधी चार तास फोर्ट कोची सोडा. पुलांवर संध्याकाळी गाड्या तुंबतात. रेल्वेने परतणार असाल तर ब्रॉडवेतून पळंपोरी म्हणजे पिकल्या केळ्याची भजी, वेफर्स आणि प्रवासापुरती केळी बांधून घ्या, आणि मसाल्याच्या पिशव्या कपड्यांपासून वेगळ्या, घट्ट डब्यात भरा. सुंठेचा वास चादरींतून आठवडाभर जात नाही.